मेणाचा गुडघा

अल बर्शा, दुबई
८ एप्रिल २०२५

प्रिय ॲडेलिनताई,

फोन सोडून ईमेल, तोही मराठीत, म्हणजे तुम्ही ओळखलंच असेल की तुमच्या भावाच्या कानावर जाऊ नये असं काहीतरी आहे. फोन लावला की लॅन्सी तो स्पीकरवर टाकतो आणि पुढचं सगळं बोलणं त्याचंच. तुमचा फोन तर कायम ट्रॉयच्या हातात. पोराला मराठी बोललेलं समजतं, वाचता मात्र येत नाही. इतकी वर्षं त्याचं वाईट वाटायचं, आज पहिल्यांदा सोय वाटते आहे.

एकोणतीस मार्चची मॅच आम्ही पाहिली. सकाळी साडेसहाला लॅन्सी जर्सी घालून सोफ्यावर. पाठीवर ट्रॉयचा एकेचाळीस नंबर. ही जर्सी त्याने दोनशे दहा दिरहमला मागवली, म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये, आणि धुवायला मागितली की तोंड फिरवतो. शेजारी आमच्या बिल्डिंगचा एसीवाला दत्ताराम. लांज्याचा माणूस, क्रिकेट आणि कबड्डीपलीकडे त्याने काही पाहिलं नव्हतं, पण लॅन्सीने त्यालाही ऑस्ट्रेलियन फुटबॉलची दीक्षा दिली आहे. मला मात्र अजून त्यातलं ओ की ठो कळत नाही. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, छत्तीस धटिंगण. हाताने ढकला, पायाने मारा, आणि चेंडू वरून आला की पुढच्याच्या पाठीवर चढून झेला. कोण कुठल्या बाजूचा हेच समजत नाही, म्हणून मी चेंडूकडे बघतच नाही. फक्त एकेचाळीसकडे बघते.

म्हणूनच मला दिसलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो उंच उडाला आणि चार-पाच जणांच्या ढिगाखाली गेला. उठला. बाकी सगळे उजवीकडे पळाले आणि माझा मुलगा चार पावलं डावीकडे चालत गेला. एकटाच. मग थांबला आणि वळला. लॅन्सी टाळी देत म्हणाला, "बघितलंस, काय चकवला त्यांना!" दत्तारामनेही टाळी दिली.

त्याला आज दहा दिवस झाले. एकही व्हिडिओ कॉल नाही. रोज एक मेसेज येतो, 'ऑल गुड मम', आणि एक अंगठा. पुढच्या मॅचला त्याला दुसऱ्या संघात टाकलं. लॅन्सी म्हणतो, होतं असं, फॉर्म गेला असेल. ऑक्टोबरला करार संपतो आहे, त्यामुळे पोरगं टेन्शनमध्ये असेल. असेलही.

पंधराव्या वर्षी मी त्याला तुमच्या हवाली केला. इथे शाळेतल्या ऑस्ट्रेलियन सरांनी त्याला या खेळाचं वेड लावलं, आणि ते निस्तरायला मेलबर्नमध्ये तुम्ही होतात. सात वर्षांत मी कधी उलट तपासणी केली नाही. आज करते. माझ्या मुलाला काय झालंय?

लिनेट


मेलबर्न
११ एप्रिल

प्रिय लिनेट,

किती ग घाबरतेस! मॅचमध्ये त्याचा गुडघा दुखावला, एवढंच. क्लबच्या जखमींच्या यादीत घालण्याइतकाही नाही. पट्टा बांधला आहे. चालताना जपून चालतो. त्या दिवशी डावीकडे गेला तो लंगडत गेला असेल, टीव्हीवर कुठे एवढं कळतं?

व्हिडिओ कॉल करत नाही कारण दुपारचाही झोपून असतो. प्रॅक्टिसहून येतो तो दमूनच. त्याच्या खोलीच्या खिडकीला मी गोधडी लावून दिली आहे, म्हणजे उजेड येत नाही. खाण्याचं म्हणशील तर काल पेज आणि सुक्या बोंबलाची चटणी केली. पेज प्यायला, चटणी राहिली.

तुला ठाऊक आहे, एकतीस वर्षं मी नर्सिंग करते आहे आणि डॅनियल मला विधवा करून गेला तेव्हापासून या घरात बोलायला एकटा ट्रॉयच आहे. त्याला काही होत असताना मी हातावर हात ठेवून बसेन का? तू लॅन्सीची जर्सी धू आणि शांत राहा.

तुझी नणंद,
ॲडेलिन


अल बर्शा
१७ एप्रिल, पवित्र गुरुवार

प्रिय ॲडेलिनताई,

जीव भांड्यात पडला! गुडघाच ना, मग ठीक. गुडघे काय, वसईत आपल्या वाडीत भर पावसात खेळून लॅन्सीचे दोन्ही कामातून गेलेत आणि तरी तो मला जिना चढून दाखवतो.

आज क्लिनिकमधून लवकर सुटून औद मेथाच्या चर्चला गेले. पाय धुण्याचा विधी होता. फादर एकेकाच्या पावलावर पाणी घालत होते आणि मला सारखा आपल्या पोराचा गुडघा दिसत होता. तिथेच बसल्या बसल्या बांद्र्याच्या माउलीला नवस बोलले. ट्रॉय धडधाकट मैदानात उतरू दे, मी मेणाचा गुडघा वाहीन. तुम्ही हसाल. लॅन्सीही हसला. म्हणाला, "आय एम ए मॅनेजर इन अ शिपिंग कंपनी, आणि माझी बायको मेणाचे गुडघे वाटत फिरते." पण त्याच्या पावसाळी न्यूमोनियाच्या वेळी त्याच्या आईनेच तिथे मेणाची छाती वाहिली होती, हे तो सोयीने विसरतो.

नवस बोलणाऱ्यानेच आपल्या हाताने फेडायचा असतो, कुरिअर चालत नाही. मे महिन्यात वाडीतल्या जॅकलीनच्या मुलीच्या लग्नाला वसईला जाणारच आहे. एक दिवस काढून बांद्र्याला जाऊन येईन.

ट्रॉयला सांगू नका. 'मम, सीरियसली?' म्हणेल.

तुम्हा दोघांना ईस्टरच्या शुभेच्छा. त्याला चटणी भरवा.

लिनेट


मेलबर्न
२४ एप्रिल

प्रिय लिनेट,

नवसाच्या भानगडीत कशाला पडलीस? इतक्या लहान दुखण्यासाठी माउलीला त्रास कशाला? लग्नाच्या गडबडीत बांद्र्याची खेप करू नकोस, ऊन फार असतं. बोललीच असशील तर इथल्या चर्चमध्ये मी एक मेणबत्ती लावते, पोचेल.

ट्रॉय बरा आहे. खेळतो आहे. दुसऱ्या संघातून परवा दोन गोल मारले.

ॲडेलिन


वसई
११ मे

ॲडेलिनताई,

लग्न छान झालं. जॅकलीनने तुमची आठवण काढली. हे झालं शिष्टाचाराचं.

आता ऐका. काल सकाळी मी बांद्र्याला गेले. चर्चच्या पायऱ्यांखाली मेणाच्या वस्तूंचे स्टॉल असतात, तुम्हाला आठवत असतील. हात, पाय, डोळे, घरं, पाळण्यातली बाळं, आता तर लॅपटॉप आणि विमानंही मिळतात. रंभा नावाची एक बाई बसली होती. मी म्हटलं, गुडघा द्या. तिने मांडीपासून पावलापर्यंतचे दोन पाय समोर ठेवले आणि विचारलं, "उजवा की डावा?"

मुलाचा कुठला गुडघा दुखतो हे आईला ठाऊक नाही, या विचाराने मला तिथेच ओशाळल्यासारखं झालं. ट्रॉयला मेसेज केला. राइट ऑर लेफ्ट? लगेच उत्तर आलं. 'राइट ऑर लेफ्ट व्हॉट?' मी लिहिलं, तुझा गुडघा रे. त्याने लिहिलं, 'व्हॉट नी? माय नीज आर फाइन, मम.'

मी त्या स्टॉलसमोर फोन धरून उभी. मागे रांग. अकरा मिनिटांनी दुसरा मेसेज आला. 'ओ याह. लेफ्ट. ऑल गुड.' आणि अंगठा. ती अकरा मिनिटं त्याने कुणाला फोन केला असेल, ताई?

रंभाबाईने माझं तोंड पाहिलं असावं. म्हणाली, "नक्की ठाव नसंल तर आख्खा माणूस घ्या बाई. काय दुखत आसंल ते त्यात आलंच." तिने वीतभर मेणाचा एक माणूस काढला. हात शरीराला चिकटलेले, नाक-डोळे नाहीत. मी तो घेतला. वर गेले आणि माउलीच्या पायाशी ठेवला. प्रार्थना काय करायची तेच सुचेना. कशासाठी मागायचं हेच मला कुणी सांगितलेलं नाही.

परवा दुबईला परत जाते आहे. तोवर मला खरं काय ते लिहा. तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या, तुम्हाला उलटून बोलायची मला सवय नाही. पण तुम्ही माझ्याशी खोटं बोललात आणि माझ्याकडून माउलीशीही खोटं बोलवून घेतलंत.

लिनेट


मेलबर्न
१४ मे

लिनेट,

गुडघा ट्रॉयचा नव्हता. समोरच्या खेळाडूचा होता, आणि तो ट्रॉयच्या कानामागे बसला. ढिगाऱ्यात कॅमेऱ्याला दिसलं नाही. ट्रेनर धावत आला तर याने सांगितलं, श्वास अडकला होता, आता ठीक.

घरी आला तो थेट बाथरूममध्ये ओकला. उजेड सहन होईना म्हणून गोधडी. फोनचा पडदा बघवेना म्हणून व्हिडिओ कॉल नाही. दुसऱ्या दिवशी मी चहा मागितला तर किटली हातात धरून उभा राहिला, पुढे काय करायचं ते त्याला आठवेना. मग हसला. त्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटली.

हा तिसरा मार. पहिला दोन वर्षांपूर्वी प्रॅक्टिसमध्ये, तो त्याने कुणाला सांगितलाच नाही. दुसरा गेल्या ऑगस्टचा, तो क्लबला माहीत आहे. तेव्हा नियमाप्रमाणे बारा दिवस बसवलं होतं, तुम्हाला त्याने सर्दी सांगितली. आणि हा. डॉक्टर दर आठवड्याला विचारतात, डोकं दुखतं का. हा म्हणतो, नो. बावीस सामने झालेत, ऑक्टोबरमध्ये करार संपतो, आणि तीन मार आणि अजून त्रास असं कळलं तर त्याला कायमचं घरी बसवतील हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याने मला डॅनियलच्या फोटोवर हात ठेवायला लावला. सांगितलंस तर मी या घरातून गेलो, म्हणाला.

मी काय केलं ते तुला कळायला हवं. मी ज्या वृद्धाश्रमात काम करते तिथे एक म्हातारा आहे. तरुणपणी हाच खेळ खेळायचा, भिंतीवर फोटो आहेत. रोज सकाळी मला विचारतो, सिस्टर, मॅच किती वाजता? मी रोज सांगते, दोन वाजता. मग तो बुटांच्या नाड्या बांधत बसतो. दुपारपर्यंत बांधतो. त्याला भरवून मी घरी येते आणि तुला लिहिते की गुडघा दुखतो आहे.

गुडघाच का सुचला विचारशील. त्या दिवशी माझा दुखत होता, थंडी पडली की दुखतोच. लिहिताना हात त्यावरच होता.

मला तो घरात हवा होता, लिनेट. पंधराव्या वर्षी तू पाठवलास तेव्हा पासपोर्टही त्याला सांभाळता येत नव्हता. मला मूल नाही. तो निघून जाईल या भीतीने मी, नर्स असून, तोंड शिवून बसले. मला क्षमा कर किंवा करू नकोस, पण लॅन्सीला सध्या सांगू नकोस.

ॲडेलिन


अल बर्शा
१९ मे

ॲडेलिनताई,

तुमचं पत्र मी दहा वेळा वाचलं. क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसून वाचलं, मेट्रोत वाचलं, दोन स्टेशनं पुढे गेले आणि परत आले.

तुमच्यावर ओरडायचं ठरवलं होतं. पण तो हक्क मला नाही. तुम्ही तीन मार मोजलेत. ते चार आहेत.

ट्रॉय अकरा वर्षांचा होता. शुक्रवार सकाळ, शाळेच्या मागचं मैदान. चेंडूकडे बघत पळता पळता गोलच्या खांबावर आदळला. मिनिटभर हललाच नाही. मग उठला आणि घरी येताना शेख झायेद रोडवर गाडीत ओकला. मला चार वेळा विचारलं, "मम, इज इट फ्रायडे?" मी चारही वेळा हो म्हटलं. लॅन्सी म्हणाला, सरांना सांगू नकोस, बसवून ठेवतील, पोरगं हिरमुसेल. आम्ही आइसक्रीम दिलं.

ते सोडा. क्लबने त्याला घेतलं तेव्हा लहानपणच्या आजारांचा फॉर्म पालकांनी भरायचा होता. डोक्याला पूर्वी मार लागला आहे का, असा सरळ प्रश्न होता. पेन माझ्या हातात होतं. लॅन्सी मागे उभा होता, पण पेन माझ्या हातात होतं. मी 'नो'वर खूण केली. दिवसभर माणसांकडून असेच फॉर्म भरून घेणं हे माझं काम आहे, ताई. लोक कुठे खोटं लिहितात ते मला लांबून कळतं.

आता मी ठरवलं आहे. ट्रॉयने गुरुवारपर्यंत स्वतः डॉक्टरांना सगळं सांगावं. नाही सांगितलं तर मी लिहीन. माझ्या खोट्यापासून सुरुवात करीन. तुमचं नाव घेणार नाही.

माउलीला दुसरा नवस बोलले आहे. तो शुद्धीवर असताना, स्वतःच्या पायांनी त्या मैदानातून बाहेर आला, तर मेणाचं डोकं वाहीन. या वेळी नक्की ठाऊक आहे काय मागायचं ते.

लिनेट


मेलबर्न
२१ मे

लिनेट,

त्याच्याशी बोलले. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, इंग्रजीत सांगत सांगत. भांडी आपटली नाहीत, ओरडला नाही. टेबलाशी बसून म्हणाला, "टेल हर टू वेट."

शनिवारी त्याला पुन्हा पहिल्या संघात घेतलं आहे. नव्या दोन वर्षांच्या कराराची बोलणी चालू आहेत. पंधरा दिवस थांब. करार झाला की तो स्वतः सांगेल म्हणतो. मला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

तू लिहिलंस तर तो तुझं तोंड पाहणार नाही. हे त्याने सांगितलं, मी फक्त पोचवते. थांब ग.

ॲडेलिन


अल बर्शा
२६ मे

ॲडेलिनताई,

थांबले नाही.

गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत फोन समोर ठेवून बसले होते. मग लिहिलं. माझं इंग्रजी क्लिनिकपुरतं, म्हणून नबिलाला वाचायला दिलं. ती आमची अकाउंटंट, दोन मुलग्यांची आई. वाचून म्हणाली, "हबीबी, ये भेजेगी तो बेटा जाएगा." मी म्हटलं, नहीं भेजूँगी तो भी जाएगा. तिने फक्त एक स्पेलिंग सुधारलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. पहिलं वाक्य होतं, 'तीन वर्षांपूर्वी मी तुमच्या फॉर्मवर खोटं लिहिलं.' बटण दाबलं आणि अर्धा तास तिथेच बसून राहिले.

शनिवारी सकाळी साडेसातला लॅन्सी जर्सी घालून बसला. मी सांगणार होते, सकाळपासून चार वेळा तोंड उघडलं. संघ मैदानात आला. दत्ताराम म्हणाला, "साहेब, आज आपला एकेचाळीस दिसत नाय." लॅन्सी पडद्याजवळ जाऊन एकेक नंबर शोधायला लागला, तेव्हा मी सांगितलं. दत्ताराम चप्पल हातात घेऊनच गेला.

लॅन्सीने टीव्ही बंद केला. म्हणाला, "खलास. दहा वर्षांची मेहनत तू एका ईमेलमध्ये खलास केलीस." मी म्हटलं, त्या शुक्रवारी गाडीत तूही होतास. तो उठून गेला. मेट्रोत बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिला आणि दुपारी आला. जर्सी काढून स्वतः धुतली. तेव्हापासून माझ्याशी मीठ आणि एसीपुरतंच बोलतो.

ट्रॉयने मला ब्लॉक केलं आहे. 'ऑल गुड मम'सुद्धा नाही. त्या अंगठ्यावर किती चिडायचे मी, ताई. तो आज कुणीतरी आणून द्यावा असं झालंय.

तो घरात आहे ना, एवढंच कळवा.

लिनेट


मेलबर्न
७ जुलै

प्रिय लिनेट,

सहा आठवडे लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तो घरात नव्हता. तुझा ईमेल गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बॅग भरून झुबेर नावाच्या संघातल्या मित्राकडे राहायला गेला. माझ्याशीही बोलत नव्हता. तुला सांगितलं म्हणून. गोधडी मी अजून काढली नव्हती.

काल आला. डॉक्टरांच्या समितीचा निर्णय झाला. खेळ बंद, कायमचा. बाविसाव्या वर्षी, बावीस सामने, अकरा गोल. क्लब वाईट वागला नाही. शेवटच्या दिवशी सगळी पोरं दोन रांगा करून उभी राहिली आणि तो मधून चालत बाहेर आला. स्वतःच्या पायांनी, लिनेट.

डॉक्टरांनी त्याला तुझा ईमेल दाखवला होता. पहिलं वाक्य त्याने तिथे दोनदा वाचलं म्हणे. काल मला विचारलं, "शी ॲक्च्युअली रोट दॅट? मम? शी रोट 'आय लाइड'?" मी हो म्हटलं. ते वाचल्यावरच त्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं. किटलीचं, उजेडाचं, आणि एकदा प्रॅक्टिसला जाताना रस्ता विसरून गाडीतच बसून राहिला होता ते. ते तर मलाही ठाऊक नव्हतं.

खांबावर आदळल्याचं त्याला काही आठवत नाही. आइसक्रीम आठवतं.

तुझ्या नवसाचं मी त्याला सांगितलं. रंभाबाई, उजवा की डावा, आख्खा माणूस, सगळं. मला वाटलं चिडेल. तो हसायला लागला आणि हसता हसता टेबलावर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या केसांवर हात ठेवायला घाबरत होते. मग ठेवला.

तुला फोन करेल का ते मला माहीत नाही. मी आता पुन्हा कशाचीच हमी देत नाही.

ॲडेलिन


अल बर्शा
१९ सप्टेंबर

प्रिय ॲडेलिनताई,

तुम्हाला त्याने बजावलं होतं ना, मला सांगायचं नाही म्हणून? या वेळचं लपवणं माफ.

काल दुपारी मी क्लिनिकमधून आले तर लॅन्सी जेवणाच्या टेबलाशी उभा, आणि टेबलाच्या पलीकडे ट्रॉय. विमानतळावरून लॅन्सीने आणला होता. चार महिने मी मनात भाषणं तयार केली होती, त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "ऑन द प्लेन."

टेबलावर त्याची एकेचाळीस नंबरची जर्सी गुंडाळून ठेवली होती. त्याने ती उलगडली. आत मेणाचं डोकं होतं. मेलबर्नहून येताना तो मुंबईला उतरला, तीन दिवस जॅकलीनकडे राहिला आणि तिला घेऊन बांद्र्याच्या जत्रेला गेला. तिथून आणलं. पण आमच्या लॅन्सीने सामान डिकीत टाकलं आणि पार्किंगमध्ये पाऊण तास ओळखीच्या माणसाशी बोलत उभा राहिला. बाहेर बेचाळीस डिग्री. डोक्याचं नाक बसलं आहे आणि एक कान गालावर आला आहे.

मी म्हटलं, "अरे, हे तिथेच माउलीला वाहायचं असतं. घरी कशाला आणलंस?" तो म्हणाला, "जॅकलीन आंटी सेड यू मेड द प्रॉमिस, सो यू हॅव टू गिव्ह इट." मग खाली बघत, "आय एम स्टिल अँग्री, मम." मी म्हटलं, राहा. जितका वेळ लागेल तितका राहा, पण इथे राहून राहा. तो म्हणाला, "आय विल कम विथ यू. टू बांद्रा." मला रडू आवरेना. लॅन्सी म्हणाला, "यल्ला, चला, आधी ते फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर दुसरा कानही जाईल." चार महिन्यांत त्याने माझ्याशी बोललेलं हे मीठ-एसीपलीकडचं पहिलं वाक्य. आता आमच्या फ्रीजमध्ये डोशाच्या पिठाशेजारी आमच्या मुलाचं डोकं आहे. मी दर तासाला दार उघडून बघते.

त्याचं डोकं कसं आहे विचाराल. उजेडात बसतो. कधी शब्द शोधावा लागतो, मग सापडतो. सकाळी उठून फ्लॅटमध्ये येरझाऱ्या घालतो, खिडकीशी थांबतो, पुन्हा चालतो. काय करायचं पुढे, ते त्याला माहीत नाही आणि मलाही नाही. आज दत्ताराम एसी बघायला आला होता. ट्रॉयला म्हणाला, "साहेब, तो पाठीवर चढून चेंडू झेलतात ते नियमात कसं काय बसतं?" ट्रॉय तासभर समजावत बसला. चक्क मराठीत, मोडक्यातोडक्या.

ऑक्टोबरच्या दहा तारखेची तीन तिकिटं काढली आहेत. मॅनेजरसाहेबही येताहेत.

आणि आणखी एक. जर्सीत डोक्याबरोबर दोन पायही होते, मांडीपासून पावलापर्यंतचे. ट्रॉय म्हणाला, "फॉर आंटी ॲडी. हर नी इज द ओन्ली वन दॅट ॲक्च्युअली हर्ट्स." रंभाबाईने विचारलं म्हणे, उजवा की डावा. त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून दोन्ही आणले.

त्यातला एकच वाहायचा आहे. थंडीत तुमचा कुठला गुडघा दुखतो ते दहा तारखेच्या आत कळवा, ताई, आणि या वेळी खरं कळवा.

तुमची,
लिनेट